परकं पान

ओली चादर जड असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती हट्टीही असते, हे फक्त पिळणाऱ्याला.

*

आई न्हाणीघरात जाते. बादलीत कोपर बुडवते. तांब्याभर गार पाणी ओतते, पुन्हा कोपर बुडवते. बाहेर येऊन हाक मारते, "काढलंय हो पाणी." घरात तान्हं मूल नाही. बऱ्याच वर्षांत नव्हतं.

*

फळ्यावर लिहिलेलं: अडचण लिहिताना तिच्यात उपाय लपवू नका.

त्याखाली, दुसऱ्या अक्षरात: लपवून सापडला नाही तर?

*

चार भोकांचं तपकिरी बटण घरंगळत गटारीच्या काठापर्यंत जातं, कडेवर उभं राहतं, विचार केल्यासारखं करतं आणि पडतं.

*

"मामंजींनी आज तापलेली इस्त्री फडक्याशिवाय सरकवली. पत्र्याला हात लावून!" वहिनी जेवताना म्हणाली होती. सगळे हसले. थोरला म्हणाला, "लोखंडी माणूस आहे तो." बाबाही हसले. आई मीठ आणायला उठली. मीठ टेबलावरच होतं.

*

"तुझा तो वर्ग उद्या सभेत आमच्याविरुद्ध बोलला, तर या घराची पायरी चढायची नाहीस."

"पायरीचं नाव काढू नकोस दादा. निदान तू तरी."

पहिला खर्डा

"मी मालक आहे. माझ्याकडे बॉयलर आहे. गल्लीतल्या लोकांचे पाय भाजले तर भाजले. माझ्या चादरी पांढऱ्या निघाल्या म्हणजे झालं. मी रात्री छान झोपतो."

बटणवालीने कागद खाली ठेवला आणि टेबलाभोवती बघितलं. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरचं घडीचं टेबल ते. एरवी त्यावर दवाखान्यांच्या चादरींचे ठोकळे असत. आज ते भिंतीशी सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. एका टोकाला बाबा. त्यांच्या डाव्या हाताला थोरला आणि वहिनी, उजव्या हाताला आई. मास्तरीण, म्हणजे या घरची धाकटी, बरोबर मधे बसली होती, कारण कुठल्याही बाजूची खुर्ची घेतली असती तरी तिचा अर्थ निघाला असता.

"हे माझं म्हणणं?" बाबांनी विचारलं.

"खर्डा आहे मालक," बटणवाली म्हणाली.

"मी रात्री छान झोपतो म्हणे," बाबा आईकडे वळले. "सांग हिला."

"घोरतात," आई म्हणाली. "पण छान नाही झोपत."

वहिनीला हसू आलं, ते तिने थोरल्याकडे बघून गिळलं.

थोरला हसण्याच्या बेतात नव्हताच. उद्या वॉर्डाची सभा. सभेत बहिणीच्या संध्याकाळच्या लेखनवर्गातले विद्यार्थी उभे राहणार आणि लाँड्रीचं मागच्या गल्लीत सुटणारं पाणी बंद करा, असं मागणार. पाणी बंद म्हणजे बॉयलर बंद, आणि बॉयलर बंद म्हणजे हे टेबल, खालची यंत्रं, धुणारे, पिळणारे, सगळंच. आणि हे कुणामुळे? तर या बटणवालीमुळे. मागच्या पायरीवर बटणांचा ट्रे घेऊन बसते, पाय गटारीच्या काठावर सोडून. गेल्या महिन्यात गटारीतून कढत पाणी आलं आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत सोलले गेले. ते पाणी लाँड्रीचं, असं ती म्हणते. तिच्या पायांवर अजून सुती पट्ट्या होत्या, आणि त्यावर कुणाचे तरी मोठे, पुरुषी सँडल.

"पाणी आमचं नाहीच," थोरला म्हणाला. "आमचं निवलेलं असतं. त्या गटारीत बेकरीचं येतं, खाणावळीचं येतं. तिकडे जा, त्यांचं म्हणणं लिही."

"लिहिणार होते. पण वर्गाने मत दिलं ते तुमच्यावर."

"वाहवा! आणि वर्गाच्या बाई काय करत होत्या तेव्हा?"

बाई तेव्हा फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, हातातला खडू नुसताच धरून. तिच्या वर्गात अडचण विद्यार्थी निवडतात, बाई नाही. हा नियम तिने स्वतः केला होता, आणि तिला तो आवडायचा, कारण तोवर मुलांनी निवडलेल्या अडचणी होत्या वाचनालयाची वेळ आणि बसथांब्यावरचा अंधार.

तिचा दुसरा नियम मात्र तिने त्या दिवशी देवाचे आभार मानत सांगितला. आपलं म्हणणं लिहिण्याआधी समोरच्याचं लिहायचं. पूर्ण पानभर. मग ते त्याच्याकडे घेऊन जायचं, वाचून दाखवायचं, आणि तो स्वतःच्या तोंडाने "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणेपर्यंत परत परत लिहायचं. तोवर स्वतःच्या बाजूची एक ओळ वर्गात चालणार नाही. आणि पुढे वाचताना आधी तेच वाचायचं. मुलं याला परकं पान म्हणत.

"म्हणजे," थोरला सावकाश म्हणाला, "बाबांनी हो म्हटलंच नाही, तर तुमचं पुढचं लिहिणं अडलं?"

"अडलं."

"उद्या सभेत काही वाचता येणार नाही?"

"नाही."

थोरल्याने पाठ टेकली. खोलीत आल्यापासून पहिल्यांदा. "बाबा," तो म्हणाला, "तुम्हांला नुसतं गप्प बसायचंय."

दुसरा खर्डा

तेवढंच बाबांना जमणारं नव्हतं.

आईला हे माहीत होतं. या माणसाला शिवी दिलेली चालायची, पण कामाबद्दल चुकीचं बोललेलं चालायचं नाही. एकदा लग्नात कुणा पाहुण्याने ‘ब्लीच टाकलं की झालं’ असं म्हटलं, तर हे अर्धं जेवण सोडून त्याला चादर कशी धुतात ते समजावत बसले होते. नवरी ताटकळली होती. नवरदेव हेच होते.

"चादरी पांढऱ्या निघाल्या म्हणजे झालं, असं नसतं," बाबा म्हणाले.

"बाबा!" थोरला.

"अरे, चूक आहे ते. पांढरी काय, थंड पाण्यातही निघते. दवाखान्याची चादर उकळावी लागते. आधीच्या माणसाचं दुखणं पुढच्याच्या अंगाखाली जाऊ नये म्हणून. लिही ते."

बटणवाली लिहू लागली. अक्षर मोठं, ओळी वर चढत जाणाऱ्या.

"पाणी तुम्ही बॉयलरमधून थेट सोडता?"

"थेट? वेडी का काय! मागे टाकी आहे. तिच्यात निवायला ठेवतो."

"किती वेळ?"

"निवेपर्यंत."

"आणि सोडतं कोण?"

"मी. दुसरं कुणी नाही. माझे वडीलही स्वतःच सोडायचे."

वहिनी थोरल्याच्या कानाशी लागली. "अहो, सगळंच सांगतायत ते."

"सांगू देत," थोरला तितक्याच हळू म्हणाला. "हो म्हणाले नाहीत अजून."

बटणवालीने खोडलं, बाण काढले, समासात काही कोंबलं, आणि एका दमात वाचलं:

"मी दवाखान्यांच्या चादरी धुतो. त्या उकळाव्या लागतात, नाहीतर एकाचं दुखणं दुसऱ्याला जातं. हे काम दिसत नाही. लोकांना दिसते ती फक्त वाफ. उकळलेलं पाणी मी टाकीत निवायला ठेवतो. गल्लीत माणसं बसतात हे मला ठाऊक आहे, मी त्यांना रोज बघतो. म्हणून व्हॉल्व्ह मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. निवल्याची खात्री करूनच पाणी सोडतो. त्या दिवशीही खात्री केली होती. म्हणून कुणी म्हणालं की माझ्या पाण्याने तिचे पाय भाजले, तर मला राग येत नाही. मला ते खरंच वाटत नाही."

बाबांनी चष्मा काढला आणि पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"मला राग येत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. तुमचा मुलगा ओरडला. तुम्ही त्या दिवशी गल्लीत येऊन नुसते बघत उभे राहिलात. मला वाटलं, याला कळतच नाहीये काय झालंय ते."

थोरल्याच्या डोक्यात तेव्हा हिशेब उलटा फिरला. हे पान तर आपल्या बाजूचं आहे! वकिलाला पैसे देऊन असं कुणी लिहिलं नसतं. बाबांनी हो म्हटलं, की हेच पान उद्या सभेत आधी वाचलं जाणार, त्याच बाईच्या तोंडून. मग तिने पुढे काय वाटेल ते वाचावं.

"म्हणा बाबा," तो पुढे झुकला. "हो म्हणून टाका."

"आत्ता तर गप्प बसा म्हणत होतास."

"आता म्हणा."

"तुझं मत म्हणजे पंख्याचा वारा आहे, कधी इकडे, कधी तिकडे," आई म्हणाली.

मास्तरणीने बटणवालीकडे बघितलं. वर्गात ही बाई मागच्या बाकावर बसायची, पट्ट्यांचे पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून. पहिल्या दिवशी तिने अडचण लिहिली होती ती अशी: ‘मला न्याय पाहिजे.’ मास्तरणीने विचारलं होतं, न्याय मिळाला की सकाळी उठून तुम्हांला काय करता येईल, जे आज येत नाही? बटणवालीने बराच वेळ विचार करून लिहिलं, ‘त्याच पायरीवर बसता येईल.’ त्या ओळीवर मास्तरीण कित्येक दिवस खूश होती. आणि आता तीच बाई समोरच्याचं पान इतकं चोख लिहून बसली होती, की तिच्या स्वतःच्या पानाला जागाच उरली नव्हती. हे आपण शिकवलं. शाबास!

"हो," बाबांनी सुरुवात केली, "हेच माझं…"

"एक मिनिट मालक. एक जागा मोकळी राहिलीय." बटणवालीने पेनाने कागदावर ठोकलं. "‘निवल्याची खात्री करून’ असं लिहिलंय मी. खात्री कशी करता, ते लिहिलेलं नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"तू कशाला आमची काळजी करतेस?" वहिनी म्हणाली.

"पान माझं आहे ना आता. अर्धवट दिसायला नको." मग तिने मास्तरणीकडे बघून, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हटलं, "बाई सांगतात, ‘का’ विचारलं की माणूस भांडतो. ‘कसं’ विचारलं की दाखवतो."

बाबा उठलेच होते.

"चल," ते म्हणाले. "दाखवतो."

खर्डा नाही

खालच्या मजल्यावर यंत्रं थांबलेली. सकाळची खेप धुऊन झाली होती. सुट्टीचा दिवस होता, पण दवाखाने सुट्टी पाळत नाहीत. मागच्या दाराजवळ टाकी: छातीइतकी उंच, लोखंडी, वर लाकडी झाकण. तळाशी व्हॉल्व्हचं चाक, वर्षानुवर्षं धरून एकाच बाजूला गुळगुळीत झालेलं.

सगळे खाली आले. आई शेवटी. तिचे गुडघे दुखत, म्हणून ती जिन्यातच थांबली.

"माझ्या वडलांनी शिकवलं हे," बाबा बटणवालीला म्हणाले. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आवाजात ते कळत होतं. "तापमानाच्या काट्याबिट्यावर आमचा विश्वास नाही. काटा बिघडतो. हात घालायचा. मनगटापर्यंत. आणि आतमध्ये ठेवून एक पूर्ण श्वास घ्यायचा आणि सोडायचा. घेता आला तर माणसाच्या अंगाला ते पाणी चालतं. नाही आला तर थांबायचं. घरचा कर्ता माणूस हे करणार. नोकराने नाही. भाजायचंच असेल तर आधी मालकाने भाजून घ्यायचं."

"हे मी लिहू?"

"लिही की. हे तर आधी लिही."

त्यांनी बाही वर सारली. झाकण बाजूला केलं. हात आत घातला, मनगटापर्यंत. डोळे मिटले. श्वास घेतला, सावकाश, छाती भरून. सोडला.

"निवलं," ते म्हणाले.

लहानपणी मास्तरीण हे रोज बघायची. बाबांचा तो श्वास संपला, की दिवसाचं काम संपलं.

बटणवाली लिहीत होती. मग तिने पेन कानावर खोचलं, पुढे झाली आणि, पानासाठीच, कसं लागतं ते नीट लिहिता यावं म्हणून, दोन बोटं पाण्यात बुडवली.

ती ओरडली नाही. आवाज आतल्या आत अडकला. हात मागे आला तो इतक्या जोरात, की कोपर झाकणावर आपटलं.

बाबा हसले. "सवय लागते त्याला. इतकं नाजूक…" आणि त्यांनी हात परत पाण्यात घातला, आरामात, नदीत बसल्यासारखा. "हे बघ. कोमट आहे."

"नाटक पुरे झालं," थोरला बटणवालीला म्हणाला. "इकडे हो." त्याने तिला बाजूला सारून स्वतःचा हात टाकीत घातला.

थोरल्याला नंतर कितीही आठवलं तरी तो क्षण नीट जुळत नसे. हात बाहेर आलेला आठवे, पण आपण तो काढल्याचं आठवत नसे. पाणी आधी जाणवलंच नव्हतं, आणि मग ते चावलं होतं. त्याने बाबांकडे बघितलं. बाबांचा हात अजून आतच होता. बाबा त्याच्याकडे बघून हसत होते, मुलाच्या फजितीला बाप हसतो तसे.

वहिनीने त्या हाताकडे बघितलं. ती आयुष्यभर इस्त्री करत आलेली. तिच्या बोटांना वाफ लागत नाही असं सगळे म्हणत. पण लागते. न लागल्यासारखं करायचं असतं, एवढंच. पाण्याखाली सासऱ्यांच्या हाताचा रंग बदलत होता. तिला इस्त्री आठवली. पत्र्याला टेकलेला पंजा आठवला. आपण हसलो होतो. आपणच सांगितलं होतं, हसत हसत, सगळ्यांना.

"मामंजी," ती म्हणाली.

"काढा तो हात!"

जिन्यातून आईचा आवाज. या घरात तो आवाज इतका मोठा कुणी ऐकला नव्हता. बाबांनी हात बाहेर काढला, तो दुखला म्हणून नाही, ती ओरडली म्हणून.

हात लाल होता. नुसता लाल नाही, मनगटापाशी एक रेघ होती, हातमोजा घातल्यासारखी: रेघेच्या वर बाबा, रेघेच्या खाली दुसरं कुणीतरी. ते सगळ्यांच्या चेहऱ्याकडे एकेक करून बघत गेले. मग हाताकडे. बोटं उघडली, मिटली.

"झोपलीत थोडी बोटं," ते म्हणाले. "झोपतात अधूनमधून."

"कधीपासून?" थोरल्याने विचारलं.

बाबा जिन्याकडे बघू लागले.

"आई, कधीपासून?"

आई जिन्यात बसली होती, कठड्याला धरून. "आंघोळीच्या पाण्याने पाठ भाजली होती त्यांची," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी असेल. त्यांना कळलंच नाही. मी बघितली पाठ. तेव्हापासून पाणी मी बघून देते."

"तुला ठाऊक होतं?"

"आंघोळीचं ठाऊक होतं."

"आंघोळीचं! अगं, आणि हे? हे खाली काय चाललंय हे तुला…"

"मला नाही सुचलं!" आई म्हणाली. मग पुन्हा, हळू, जणू तिलाच ऐकायचं होतं. "नाही सुचलं रे. मला वाटलं, बादलीपुरतं आहे. तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्या हातून चाक काढून घेतलं असतंस. मग हा माणूस दिवसभर कुठे बसला असता?"

थोरला भिंतीला टेकून खाली बसला. त्याचा स्वतःचा हात भाजला होता, त्याने तो काखेत धरला. नव्या दवाखान्याचं काम त्यानेच आणलं होतं, हिवाळ्याच्या सुरुवातीला. चादरी वाढल्या. टाकी आता लवकर भरे, आणि पाण्याला पूर्वीसारखं पडून राहायला मिळत नसे. पण त्याची काळजी त्याला कधीच वाटली नव्हती. टाकीशी बाबा होते ना.

घमेल्यात गार पाणी घेऊन वहिनी धावत आली. बाबांना स्टुलावर बसवलं, हात घमेल्यात बुडवला. बाहेर गल्लीत सायकलची घंटा वाजली, कुणीतरी कुणालातरी हाक मारून गेलं. आत फक्त नळ गळत होता.

पहिली बोलली ती मास्तरीण.

"हे उद्या वाचायचं नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"आज जे झालं ते घरातलं आहे. टाकी बिघडली होती असं लिहा. आम्ही काटा बसवून घेऊ, झाकण पक्कं करू. पाणी आमचं होतं, हे कबूल करू. पण बाबांचं… ते नको."

"बरोबर," थोरला म्हणाला. "टाकी बिघडली होती."

"मी वर्गाला सांगेन."

"मी आजच काटा आणतो."

कित्येक वर्षांत पहिल्यांदा भाऊ-बहीण एका ओळीत बोलत होते. आईने जिन्यातून दोघांकडे बघितलं. हे व्हावं म्हणून तिने काय काय केलं होतं. आणि ते झालं, तर असं.

बटणवाली टाकीपाशीच उभी होती. भाजलेली दोन बोटं तिने तोंडात धरली होती. ती काढून तिने विचारलं, "टाकी कुठे बिघडलीय बाई?"

"अहो, तसं लिहायचं."

"मग हा उपाय झाला. अडचण कुठाय?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखर गोंधळली होती ती. "तुम्हीच लिहिलं होतं ना फळ्यावर, लपवू नका म्हणून."

वर्गात अशा वेळी म्हणायला मास्तरणीकडे किमान चार वाक्यं असत. आपण शिकवलेलं आपल्याच बापापर्यंत चालत येईल, जिना उतरेल आणि टाकीत हात घालेल, हे तिच्या कुठल्याच तासाच्या तयारीत नव्हतं.

"तुम्ही त्यांच्याजागी असता तर?" ती म्हणाली.

"पानभर तिथेच तर होते मी," बटणवाली म्हणाली. "आत्ता दहा मिनिटांपूर्वीपर्यंत."

तिसरा खर्डा

"इकडे ये," बाबा म्हणाले. "शेवटची ओळ खोड."

"कुठली मालक?"

"‘मला ते खरंच वाटत नाही.’ ती."

बटणवालीने खोडली.

"लिही. मी हात घालून बघतो. पाणी कोमट लागतं." ते थांबले. घमेल्यातला हात त्यांनी पाण्यातच उलटा केला, सुलटा केला. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"माझ्या हाताला आता कळत नाही."

"बाबा, कशाला…" थोरला म्हणाला.

"तू गप्प बस. मघाशी मला सांगत होतास ना, तसा." मग बटणवालीला, "हाताला कळत नाही, हे मला माहीत नव्हतं. नाही. खोड ते. थोडं माहीत होतं. बोटं झोपतात एवढं माहीत होतं. त्याचा या पाण्याशी संबंध आहे, हे मला माहीत नव्हतं. हे असं लिहिता येईल का? म्हणजे, वाचणाऱ्याला कळेल का?"

"कळेल," बटणवाली म्हणाली.

"वाच."

तिने वाचलं. सगळं पान, उकळण्यापासून. मास्तरणीला मधेच उठून बाहेर जावंसं वाटलं, पण बाहेर जायची जवळची वाट मागच्या दाराने होती, त्या पायरीवरून.

वाचून झालं. बाबांनी बटणवालीच्या पायांकडे बघितलं. पट्ट्या, पुरुषी सँडल. ते बराच वेळ बघत राहिले, त्या दिवशी गल्लीत उभे राहिले होते तसेच, फक्त आता त्यांना कळत होतं.

"दुखतं का अजून?"

"रात्री."

त्यांनी मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "हेच माझं म्हणणं."

थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वहिनी त्याच्याजवळ गेली नाही. ती नणंदेजवळ जाऊन उभी राहिली, आणि दोघींपैकी कुणालाच त्याचं कारण सांगता आलं नसतं.

"आता माझं पान लिहिते," बटणवाली म्हणाली. "रात्रीतून होईल."

"त्यात काय लिहिणार?" आईने जिन्यातून विचारलं.

"माहीत नाही हो. आले तेव्हा माहीत होतं." तिने कागदाची घडी घातली; घडी वाकडी झाली. मागच्या दाराशी ती थांबली, पायरीकडे बघितलं, आणि वळून पुढच्या दाराने गेली.

थोरला बहिणीकडे बघत होता. सभेचं, घराच्या पायरीचं, सकाळपासून जे जे म्हणायचं होतं ते, सगळं त्याच्या तोंडाशी येऊन परत जात होतं.

"उद्या मी येतो सभेला," तो शेवटी म्हणाला. "कुठे बसायचं ते सांग."

"मलाही माहीत नाही," मास्तरीण म्हणाली.

बाबा अजून स्टुलावरच होते. घमेल्याकडे बघत होते, हात आत.

"अगं," त्यांनी आईला हाक मारली. जन्मात कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "हे पाणी गार आहे ना?"

आई कठडा धरून उठली. एकेक पायरी उतरत खाली आली, घमेल्याशी वाकली आणि कोपर बुडवलं.

*

बटणवालीचे पाय भाजले त्या सकाळी बाबांना मागच्या खिडकीतून ती पायरीवर बसलेली दिसली होती, आणि म्हणून त्या दिवशी त्यांनी एरवीसारखा एक हात न घालता दोन्ही हात घालून बघितलं होतं.